दमलेल्या माणसाचं ताट: गिरणगावच्या खाणावळींची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोललोय जवळपास तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे ना' तेवढे काढलेत.

एक साधा प्रश्न विचारतो. रात्रीचे साडेनऊ. तुम्ही लोकलमधून उतरून, जिने चढून खोलीवर पोचलात. भूक लागलीय. डब्यात तांदूळ आहे, डाळ आहे, गॅसही आहे. पण उठवत नाही. कांदा चिरायचा, कुकर लावायचा, मग तो घासायचा, या नुसत्या विचारानंच अंगातलं उरलंसुरलं त्राण जातं. मग फरसाणाची पिशवी, नाहीतर फोनवर वीस मिनिटं 'हे मागवू की ते मागवू'. आणि वर स्वतःलाच टोमणा: 'एवढंसं पण होत नाही का रे तुझ्याच्यानं?'

ओळखीचं वाटतंय ना? मलाही वाटतं. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, म्हणून आज या टोमण्याचा इतिहास बघू. कारण ज्या लोअर परळमध्ये, लालबागमध्ये आज तुमच्यामाझ्यासारखे हजारो लोक काम करतात, तिथेच शंभरहून जास्त वर्षं लाखो माणसं अशीच दमून खोलीवर यायची. पण त्या दमलेल्या माणसानं आता उठून स्वतःपुरतं रांधावं, अशी अपेक्षा कुणीच ठेवली नव्हती. त्यासाठी एक अख्खी व्यवस्था उभी होती. तिचं नाव खाणावळ. ती कशी चालायची, कुणाच्या जिवावर चालायची आणि आज तिच्यातलं काय उचलता येईल, ते बघू.

एकट्या पुरुषांचं शहर

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. ताडदेवला १८५६ मध्ये ती गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड, वरळी असा सगळा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. त्याला आपण गिरणगाव म्हणतो.

या गिरण्यांत कामाला कोण आलं? रत्नागिरीकडचे कोकणी लोक, सातारा-कोल्हापूरकडचे घाटावरचे लोक. आले ते बहुतेक एकटे. थोडीफार शेती गावाकडे होती, ती बघायला बायको, म्हातारे आईबाप मागे राहिले. मुंबईत घर करून संसार मांडण्याइतका पगारही नव्हता. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर १००० पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. म्हणजे जवळपास दोन पुरुषांमागे एक बाई. अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड तुम्ही ऐकली असेल. ती एकट्याची विरहकथा नव्हती, अख्ख्या शहराची होती.

ही माणसं राहायची कुठे? चाळीतल्या एका खोलीत, गावकीच्या माणसांबरोबर. एकेका गावानं मिळून खोली घेतलेली असायची. भिंतीला लागून ट्रंका, दोरीवर कपडे. पाळी बदलली की झोपणारा बदलायचा, वळकटी तीच. आणि काम किती? १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांत पुरुषांच्या दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. हो, १२ तास ही *सुधारणा* होती. त्याआधी उजेड असेपर्यंत काम, आणि विजेचे दिवे आल्यावर तर उजेडाचीही अट राहिली नाही.

आता सांगा, सूतखात्यात बारा तास उभा राहिलेला माणूस, कानात मशीनचा आवाज, नाकातोंडात कापसाची धूळ, तो खोलीवर येऊन चूल पेटवणार? काही खोल्यांमध्ये आळीपाळीनं रांधायचेही लोक. पण बहुतेकांनी सरळ खाणावळ लावली.

महिन्याचा हिशेब, रोजचं ताट

'खाणावळ' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पाटी लावलेलं हॉटेल येत असेल. गिरणगावातली खाणावळ बहुतेक वेळा तसली नसायची. ती एका बाईची राहती खोली असायची. त्याच दहा बाय बाराच्या खोलीत तिचा संसार, तिची मुलं, तिची चूल आणि वेळेला येऊन पंगतीला बसणारे दहा, पंधरा, वीस मेंबर.

पैसे महिन्याचे आणि तेही जेवून झाल्यावर. गिरणीचा पगार महिना संपला तरी लगेच हातात पडत नसे, पुढच्या महिन्याची दहा-पंधरा तारीख उजाडायची. म्हणजे मुंबईत पहिल्यांदा पाऊल ठेवलेल्या पोराला दीड महिना कुणीतरी उधारीवर जेवू घालायला हवं. ते काम वाणी करायचा, आणि त्या वाण्याची उधारी डोक्यावर घेऊन खाणावळवाली करायची. गावाकडून कुणी नवीन आला की त्याला आधी तिच्या दारात नेऊन उभं करत: 'मावशी, हा आपल्याकडचा. पगार झाला की देईल.' बस, एवढीच कागदपत्रं.

गिरगावात हीच गोष्ट जरा वेगळ्या कपड्यांत होती. तिथे कारकून, शिक्षक, कॉलेजात शिकायला आलेली मुलं. त्यांच्या खाणावळींमध्ये पाट, वाट्या, भिंतीवर नियमांची पाटी. गावाला गेलात तर तेवढ्या दिवसांचे 'खाडे' वजा. रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद. मुंबई-पुण्यात शिकलेल्या आपल्या आजोबांना विचारा, रविवारच्या त्या संध्याकाळी पोटाचं काय करायचं हा त्यांच्या पिढीचा मोठा प्रश्न होता. दादरला १९१० पासून मामा काणे यांचं उपाहारगृह होतं. आणि पुढे १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. वडापाव हा सुद्धा दमलेल्या माणसाचाच शोध आहे, बसायची आणि ताटाचीही गरज नाही.

पण मला खाणावळीतली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. तिथे मेनू नव्हता. आज काय खायचं हे ठरवायचं काम जेवणाऱ्याकडे नव्हतंच. भात, आमटी, भाकरी, कधी उसळ, कधी सुकट, वाराला मासे. जे आहे ते ताटात. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, शेजारी बसणारा माणूसही बऱ्यापैकी ठरलेला. आपण दमतो तेव्हा हात नुसते दमत नाहीत, ठरवायची ताकदही संपते. खाणावळीनं नेमका तोच भार उचलला होता.

तुरुंगापेक्षा कमी

आता कुणाला वाटेल, वा, काय छान दिवस होते. थांबा. ताटात किती पडत होतं ते बघू.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनं १९२१-२२ मध्ये शहरातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा तो अहवाल १९२३ मध्ये आला. त्यात कामगारांच्या खाण्याची तुलना सरकारच्याच दोन कागदांशी केली होती. एक, दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात लोकांना किती धान्य द्यायचं याचे नियम. दुसरा, मुंबईचं जेल मॅन्युअल, म्हणजे कैद्याला किती जेवण द्यायचं याचे नियम. निष्कर्ष काय निघाला? मुंबईचा कामगार दुष्काळ संहितेत सांगितलेल्या कमाल मर्यादेइतकं धान्य खातो, पण जेल मॅन्युअलमध्ये कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा त्याचं खाणं कमी भरतं.

परत वाचा हवं तर. ज्या माणसाच्या कापडावर हे शहर श्रीमंत झालं, त्याच्यापेक्षा तुरुंगातल्या कैद्याचा आहार बरा होता. म्हणजे कामगार 'आळशी', 'दांड्या मारणारा' म्हणून मालक लोक ओरडत होते, तेव्हा सरकारी आकडे सांगत होते की तो पोटानं अर्धा आहे. थकवा हा स्वभावाचा दोष नसतो. कित्येकदा तो ताटाचा आणि तासांचा हिशेब असतो.

दुसरी गोष्ट जातीची. खाणावळी गावावरून आणि जातीवरून वेगळ्या होत्या. गिरणीतसुद्धा विणकाम खात्यात, जिथे पगार बरा, तिथे दलित कामगारांना घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि इतरांना त्याचा विटाळ वाटायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहत होते, गिरणगावाच्या अगदी मधोमध. तेव्हा 'मावशी, हा आपल्याकडचा' या वाक्यातला 'आपला' कोण, हे आधीच ठरलेलं होतं. ज्यांच्यासाठी ते दार उघडत नव्हतं, त्यांनी आपल्या वस्तीत, आपल्या माणसांत, आपल्या चुली मांडल्या.

चुलीपाशी कोण होतं?

आता मूळ मुद्द्यावर येतो. दमलेल्या माणसाला खाणावळवाली जेवू घालत होती. आणि ती दमत नव्हती?

तुम्हीच हिशेब करा. गिरण्या तीन पाळ्यांत चालायला लागल्या तेव्हा पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला सुरू व्हायची. पहिल्या पाळीवाल्याला सातच्या आत खायला आणि बरोबर डबा हवा. तिसऱ्या पाळीवाला सात वाजता सुटून भुकेला येणार. दुसऱ्या पाळीवाल्याला तीनच्या आत जेवण, आणि रात्री बारानंतर परत. भोंगा वाजला की कामगाराची पाळी संपायची. हिची कधी संपायची?

या बायका कोण? बऱ्याचशा विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, किंवा ज्यांच्या नवऱ्याच्या पगारात भागत नाही अशा. शिकलेल्या नाहीत, दुसरं काम नाही. धान्य वाण्याकडून उधार, कमी पडलं तर सावकार, नाहीतर मंगळसूत्र गहाण. कुणा मेंबरनं पैसे बुडवले की त्याचं जेवण हिच्या कर्जात जमा. आणि कागदोपत्री ही बाई कुणीच नाही. गिरणी तिच्या भाकरीवर चालायची, पण ती कामगार नाही. तिला पगार नाही, रजा नाही, युनियन नाही.

१९७३-७४ मध्ये गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद. पण पोटं चालू. तेव्हा या बायकांनी मेंबरांना उधारीवर जेवू घातलं. त्या चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत. त्यांना दिसलं की संपाचं कौतुक होतं, पुढाऱ्यांची भाषणं होतात, पण ज्यांच्या चुलीवर संप टिकला त्यांचं नाव कुठेच नाही.

१९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सुरुवातीला खाणावळ चालवणाऱ्या १४ बायका. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, गरिबांना ४ टक्के व्याजानं कर्ज द्यायची योजनाही आली होती. पण तारण काय ठेवणार? या बायकांनी एकमेकींची हमी घेतली. बँक ऑफ बडोदानं प्रत्येकीला १५०० रुपये दिले. सावकाराच्या दारातून ती बाई पहिल्यांदा बँकेच्या दारात गेली, आणि तिथे कर्जदार म्हणून तिचं नाव लिहिलं गेलं. बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी बायकांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली ती १९७६ मध्ये. जग त्या गोष्टीला ओळखतं. आपल्या लालबाग-परळच्या मावशा त्याच्या एक वर्ष आधी हे करत होत्या. प्रेमाताईंना पुढे २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग ते ताट गेलं कुठे?

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बेचाळीस दिवस उधारी चालते, वर्षभर कशी चालणार? मेंबर गावाला गेले, कित्येक परतलेच नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर कितीतरी चुली. त्यांच्यासाठी ना मोर्चा निघाला ना नुकसानभरपाई.

त्याच सुमाराला, १९८३ मध्ये, दोन मिनिटांत होणारी मॅगी भारतात आली. दोन्हींचा थेट संबंध नाही. पण मला तो काळ एका वळणासारखा वाटतो. त्यानंतर हळूहळू दमलेल्या माणसाचं जेवण ही वस्तीची जबाबदारी राहिली नाही, ती ज्याची त्याची झाली. तुझी भूक, तुझं पाकीट, तुझा गॅस, तुझा आळस.

सरकारला मधूनमधून आठवण झाली. १९९५ मध्ये युती सरकारची एक रुपयात झुणका-भाकर. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. दोनच महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि तीच थाळी पाच रुपयांना झाली. बाहेरच्या जगातही हे झालंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सरकारनं 'ब्रिटिश रेस्टॉरंट' नावाची स्वस्त भोजनालयं काढली, १९४३ पर्यंत ती दोन हजारांवर गेली. युद्ध असलं की सगळ्यांना कळतं, थकलेल्या माणसाला शिजवलेलं अन्न लागतं. एरवी विसरायला होतं.

आज फिनिक्स मिलचा मॉल झालाय. कमला मिल्समध्ये ऑफिसं आणि रेस्टॉरंट आहेत. रात्री दहाला त्यांच्या गेटबाहेर डिलिव्हरीवाली मुलं बाइकवर बसून ऑर्डरची वाट बघत असतात. मी तिथून जाताना बघतो, कुणी वडापाव खात असतं, कुणी नुसता चहा. दुसऱ्याचं जेवण पाठीवर आणि स्वतःचं राहिलेलं. गिरणगाव बदललं, हे गणित फारसं बदललं नाही.

आपल्या खोलीत काय आणता येईल?

शेवटी तुमच्या साडेनऊच्या प्रश्नाकडे. मी आहारतज्ज्ञ नाही. पण इतिहासातून चार गोष्टी उचलता येतात.

पहिली, मेनू काढून टाका. दमलेल्या दिवसाचं जेवण आधीच ठरलेलं असू दे, दर वेळी तेच. कोकणातल्या माणसाकडे यासाठी कुळथाचं पीठ असायचं, गावाहून गाठोड्यात बांधून आलेलं. पाण्यात कालवलं, मिरची-लसणाची फोडणी, मीठ, दहा मिनिटांत पिठी. भातावर घातली की जेवण झालं. गिरगाव-दादरच्या घरांमध्ये तेच काम मऊ भात आणि मेतकूट करायचं. आणि आजाऱ्याची, थकल्याची पेज तर सगळ्यांचीच. ही 'काहीच केलं नाही'ची लाजिरवाणी जेवणं नाहीत. ती याच दिवसांसाठी केलेली आहेत.

दुसरी, एकट्यानं करू नका. फ्लॅटमध्ये तिघं असाल तर तिघांनी तीन वेळा दमण्यापेक्षा वार लावून घ्या. आज तू, उद्या मी. गावकीच्या खोलीत हेच चालायचं.

तिसरी, पोळीभाजीचा डबा लावलात तर त्यात कमीपणा नाही. पण तो डबा करणाऱ्या मावशींचे पैसे वेळेवर द्या, आणि त्यांनी सुट्टी घेतली तर कटकट करू नका. त्या व्यवस्थेची किंमत दर वेळी चुलीपाशी बसलेल्या बाईनंच का मोजायची?

आणि चौथी गोष्ट थोडी गंभीर. एखाद्या रात्री उठवत नाही, हा थकवा. पण आठवडेच्या आठवडे भूक नाही, झोप नाही, कशातच मन नाही असं होत असेल, तर तो कुकरचा प्रश्न नाही. कुणाशी तरी बोला, डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा फोन नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. खाणावळीत एखादा मेंबर दोन दिवस ताटावर दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन बघण्याइतकी ओळख असायची. आपल्या मोबाइलमध्ये तेवढी एक-दोन माणसं असायला हवीत.

तर मंडळी, पुढच्या वेळी 'एवढंसं पण होत नाही तुझ्याच्यानं' असं मनात आलं, तर स्वतःला एवढं सांगा: अडीच लाख गिरणी कामगारांच्याही एकट्याच्यानं होत नव्हतं. कुणीतरी ताट वाढत होतं.

तुमच्या घरात, चाळीत कुणी खाणावळ चालवली असेल, किंवा आजोबा कुणाकडे मेंबर असतील, तर त्यांना विचारून व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात आपण त्या ऐकू. तोपर्यंत जेवून घ्या!